स्मार्ट टीव्ही, घरातील खासगीपणा आणि इंटरनेट जोडणीची मर्यादा

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या उपग्रहाधारित प्रयोगाने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत शेती, आरोग्य आणि शिक्षणविषयक कार्यक्रम पोहोचवले. पुढे रंगीत प्रक्षेपण, केबल, डीटीएच असे टप्पे आले. या सर्व टप्प्यांत एक गोष्ट समान होती. कार्यक्रम केंद्राकडून घराकडे येत असे. घराकडून केंद्राकडे काहीही जात नसे. संचासमोर कोण बसले आहे, त्याने कोणता कार्यक्रम किती वेळ पाहिला, मध्येच तो का बंद केला, हे जाणून घेण्याचे साधन प्रक्षेपकाजवळ नव्हते.

इंटरनेटला जोडलेल्या संचाने हे एकेरी नाते दुहेरी केले. स्मार्ट टीव्ही हा पडदा असलेला संगणकच होय. त्याला स्वतःची कार्यप्रणाली असते, स्वतःचा ओळख क्रमांक असतो आणि अनेक संचांना ध्वनिग्राहकही असतो. दिवाणखान्यात ठेवलेले हे यंत्र घराबाहेर नेमकी कोणती माहिती पाठवते, त्याबाबत कायदा काय म्हणतो आणि नागरिकाला स्वतः काय करता येते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. नागरी सेवा मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरमधील मूलभूत हक्क आणि तिसऱ्या पेपरमधील सायबर सुरक्षा, या दोन्ही घटकांशी हा विषय निगडित आहे.

संच माहिती कशी गोळा करतो?

स्मार्ट टीव्हीमधील माहिती संकलनाचे सर्वांत महत्त्वाचे तंत्र म्हणजे आशयाची स्वयंचलित ओळख. इंग्रजी आद्याक्षरांवरून ते ‘एसीआर’ या नावाने ओळखले जाते. या तंत्रात संच ठरावीक अंतराने पडद्यावरील चित्राचे किंवा आवाजाचे नमुने घेतो. त्या नमुन्यापासून एक लहानसा अंकीय ठसा तयार होतो आणि तो इंटरनेटवरून सर्व्हरकडे पाठवला जातो. तेथे चित्रपट, मालिका, बातम्या आणि जाहिराती यांच्या ठशांचा मोठा संग्रह असतो. गुन्ह्याच्या जागी मिळालेला बोटाचा ठसा नोंदीतील ठशांशी ताडून पाहावा, त्याप्रमाणे येथे जुळणी केली जाते आणि अमुक संचावर अमुक क्षणी अमुक कार्यक्रम सुरू होता, अशी नोंद होते.

या तंत्राचे वैशिष्ट्य असे की चित्र कोठून आले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी किंवा एचडीएमआय तारेने जोडलेला लॅपटॉप यांपैकी कशातूनही आलेले चित्र शेवटी पडद्यावर उमटते आणि ठसा पडद्यावरूनच घेतला जातो. लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिस संकुल आणि माद्रिदचे कार्लोस तृतीय विद्यापीठ येथील संशोधकांनी २०२४ मध्ये दोन प्रमुख कंपन्यांच्या संचांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टीव्हीचा वापर केवळ बाहेरील उपकरणाचा पडदा म्हणून केला तरीही हे तंत्र कार्यरत राहते, असे त्यांना आढळले. ब्रिटन आणि अमेरिका या दोन देशांत संचांचे वर्तन काही बाबतींत निरनिराळे होते. सेटिंग्जमध्ये जाऊन ही सोय बंद केल्यावर मात्र तिच्याशी संबंधित संदेशवहन थांबले. हा शेवटचा निष्कर्ष ग्राहकाच्या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे.

याखेरीज माहितीचे आणखी तीन मार्ग आहेत. पहिला, संचावरील ॲप्सच्या वापराची नोंद. दुसरा, आवाजी आज्ञा. २०१५ मध्ये सॅमसंग कंपनीच्या गोपनीयता धोरणात, संचासमोर उच्चारलेल्या शब्दांत वैयक्तिक किंवा संवेदनशील माहिती असल्यास तीही आवाज ओळखणाऱ्या त्रयस्थ संस्थेकडे जाऊ शकते, असा उल्लेख आढळल्यावर जगभर चर्चा झाली होती. तिसरा मार्ग म्हणजे संचाचा जाहिरात क्रमांक आणि घराचा आयपी पत्ता. एकाच राउटरवरून चालणारे टीव्ही, मोबाइल आणि संगणक बाहेरच्या जगाला बहुधा एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. त्यामुळे टीव्हीवर काय पाहिले याची सांगड त्याच घरातील मोबाइलवर काय शोधले याच्याशी घालणे जाहिरात व्यवसायाला शक्य होते.

मोजणी आणि पाळत यांतील भेद

प्रेक्षकसंख्येची मोजणी ही काही नवी गोष्ट नव्हे. भारतात ‘बार्क’ ही संस्था २०१५ पासून प्रेक्षकमापनाची आकडेवारी प्रसिद्ध करत आली आहे. वाहिन्यांच्या आवाजात मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण निवडक घरांतील मापकयंत्र टिपते आणि त्यावरून संपूर्ण प्रेक्षकवर्गाचा अंदाज बांधला जातो. या पद्धतीत घरांची निवड नमुना म्हणून होते. आपल्याकडे यंत्र बसवले आहे हे कुटुंबाला ठाऊक असते आणि हाती येणारा निष्कर्ष समूहाविषयीचा असतो.

एसीआर तंत्रात या तिन्ही गोष्टी बदलतात. नमुन्याची जागा विकला गेलेला प्रत्येक जोडलेला संच घेतो. प्रारंभी घाईघाईने दाबलेल्या ‘सहमत’ या बटणापलीकडे कुटुंबाला फारशी कल्पना नसते. आणि निष्कर्ष त्या विशिष्ट घराविषयीचा असतो. धार्मिक प्रवचने, राजकीय चर्चा, एखाद्या आजारावरील कार्यक्रम, मातृभाषेतील वाहिनी, मुलांची व्यंगचित्रे यांच्या काही महिन्यांच्या नोंदी एकत्र ठेवल्या, तर त्या घरातील माणसांचा धर्म, राजकीय कल, प्रकृती, भाषा आणि वयोगट यांविषयी बराच अंदाज बांधता येतो.

व्हिझिओ प्रकरण

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील व्हिझिओ या टीव्ही उत्पादक कंपनीचे आहे. अमेरिकेचा संघीय व्यापार आयोग आणि न्यू जर्सी राज्य यांनी या कंपनीविरुद्ध दाखल केलेल्या प्रकरणात ६ फेब्रुवारी २०१७ रोजी तडजोड जाहीर झाली. तक्रारीनुसार, फेब्रुवारी २०१४ पासून कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख संचांवरून सेकंदागणिक पाहणीची माहिती ग्राहकांना पुरेशी कल्पना न देता गोळा केली. आधीच विकल्या गेलेल्या काही संचांवरही हे सॉफ्टवेअर दुरून बसवण्यात आले. आयपी पत्ता, उपकरणाचा क्रमांक, आसपासच्या वाय-फाय जोडण्या यांचीही नोंद होत होती. ही माहिती त्रयस्थांना विकण्यात आली आणि तिच्याशी लिंग, वय, उत्पन्न, वैवाहिक स्थिती, शिक्षण अशा तपशिलांची सांगड घालण्यास वाव देण्यात आला. सेटिंग्जमध्ये या सोयीला दिलेले नाव असे होते की त्यावरून तिच्या खऱ्या कामाचा बोध होत नसे.

कंपनीने २२ लाख डॉलर देण्याचे, १ मार्च २०१६ पूर्वीची माहिती नष्ट करण्याचे आणि यापुढे ग्राहकाची स्पष्ट संमती घेण्याचे मान्य केले. पुढील घडामोडी याहून उद्बोधक आहेत. २०२१ मध्ये याच कंपनीच्या ताळेबंदात, संच विकून मिळालेल्या ढोबळ नफ्यापेक्षा जाहिराती आणि तत्सम सेवांतून मिळालेला ढोबळ नफा अधिक दिसू लागला. डिसेंबर २०२४ मध्ये वॉलमार्टने ही कंपनी सुमारे २३० कोटी डॉलरना विकत घेतली. डिसेंबर २०२५ मध्ये टेक्सास राज्याच्या महाधिवक्त्यांनी एसीआर तंत्राच्याच कारणावरून अन्य पाच टीव्ही कंपन्यांविरुद्ध दावे दाखल केले. संच स्वस्त मिळण्यामागे त्यातून पुढे मिळत राहणाऱ्या माहितीचाही वाटा असू शकतो, हा या घटनाक्रमाचा आर्थिक अर्थ होय.

घटनात्मक भूमिका

भारतीय न्यायशास्त्रात खासगीपणाच्या चर्चेची सुरुवातच घराच्या उंबरठ्यापासून झाली. खरक सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, पाळतीखालील व्यक्तीच्या घरी रात्री पोलिसांनी भेट देण्याची तरतूद अवैध ठरवली. मात्र खासगीपणा हा स्वतंत्र मूलभूत हक्क आहे हे बहुमताने त्या वेळी मान्य केले नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी अल्पमतातील निकालपत्रात खासगीपणा हा वैयक्तिक स्वातंत्र्याचा अत्यावश्यक घटक असल्याचे मत नोंदवले. १९५४ च्या एम. पी. शर्मा प्रकरणातील भूमिकाही या हक्काला अनुकूल नव्हती.

न्यायमूर्ती के. एस. पुट्टास्वामी विरुद्ध भारतीय संघराज्य या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने हा प्रश्न निकाली काढला. खासगीपणाचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीवित व वैयक्तिक स्वातंत्र्याचा अंगभूत भाग असून राज्यघटनेच्या तिसऱ्या भागातील स्वातंत्र्यांमध्ये तो अनुस्यूत आहे, असे न्यायालयाने म्हटले. या हक्कावर मर्यादा घालायची तर तिला कायद्याचा आधार हवा, तिचा हेतू न्याय्य हवा आणि योजलेला उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी या निकालातून पुढे आली. परीक्षेच्या दृष्टीने ही त्रिसूत्री लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

येथे एक सूक्ष्म मुद्दा उपस्थित होतो. मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध असतात. टीव्ही बनवणारी कंपनी मात्र खासगी असते. पुट्टास्वामी निकालात राज्यसंस्थेबरोबरच खासगी घटकांकडूनही माहितीविषयक खासगीपणाला धोका संभवतो हे नमूद झाले आणि शासनाने भक्कम माहिती संरक्षण व्यवस्था उभारावी, अशी अपेक्षा व्यक्त झाली. ३ जानेवारी २०२३ च्या कौशल किशोर प्रकरणात तर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने, अनुच्छेद १९ आणि २१ मधील हक्क राज्येतर व्यक्तींविरुद्धही बजावता येतात, असे म्हटले. तथापि प्रत्येक ग्राहकाने संचासाठी घटनात्मक न्यायालयात जावे, हे व्यवहार्य नाही. त्यासाठी सामान्य कायद्याचीच गरज असते.

२०२३ चा अधिनियम

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३-अ समाविष्ट झाले आणि त्याखाली २०११ मध्ये नियम करण्यात आले. त्या नियमांतील संवेदनशील माहितीच्या यादीत परवलीचे शब्द, आर्थिक तपशील, प्रकृती, वैद्यकीय नोंदी, लैंगिक कल आणि जैवमितीय माहिती यांचा समावेश होता. टीव्हीवर काय पाहिले याचा त्यात उल्लेख नव्हता.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल सादर केला. २०१९ मध्ये मांडलेले विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेण्यात आले. त्यानंतर आलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमास ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. डेटा संरक्षण मंडळाविषयीच्या तरतुदी लगेच, संमती व्यवस्थापकांविषयीच्या एक वर्षाने आणि संमती, सूचना, सुरक्षा यांविषयीच्या मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू करण्याचे त्यात ठरवण्यात आले.

या अधिनियमात माहितीची संवेदनशील आणि साधारण अशी विभागणी नाही. ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती सर्व वैयक्तिक माहिती होय. भारतातील व्यक्तींना वस्तू किंवा सेवा देण्याच्या संबंधात परदेशातील सर्व्हरवर होणारी प्रक्रियाही त्याच्या कक्षेत येते. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी लागते. ती स्पष्ट कृतीने दिलेली असावी लागते आणि ती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असावे लागते. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला द्यावा लागतो. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कलम ६ मधील एक उदाहरण आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडते. दूरवैद्यकीय सल्ला देणारे ॲप सल्ल्यासाठी माहिती मागते आणि त्याबरोबरच मोबाइलमधील संपर्कयादीही मागते. ग्राहकाने दोन्हींना होकार दिला तरी, संपर्कयादी सल्ल्यासाठी आवश्यक नसल्यामुळे ती संमती सल्ल्यापुरतीच मर्यादित राहते, असे अधिनियम सांगतो. हाच तर्क टीव्हीला लावून पाहावा. चित्रपट दाखवण्यासाठी त्या चित्रपटाची मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. सेट-टॉप बॉक्समधून आलेल्या बातम्यांचा ठसा पाठवणे त्यासाठी आवश्यक नाही.

संमती कोणाची?

मोबाइल हे बहुधा एका व्यक्तीचे उपकरण असते, तर टीव्ही हे कुटुंबाचे. संच बसवताना घरातील एखादा तरुण मुलगा किंवा दुकानातून आलेला तंत्रज्ञ ‘सहमत’ म्हणतो आणि त्या एका स्पर्शाने आजी-आजोबा, लहान मुले, घरकामासाठी येणारी व्यक्ती, पाहुणे या सर्वांच्या पाहण्याची नोंद होऊ लागते. संमती ही ज्याची माहिती आहे त्याने द्यायची असते, या तत्त्वाची येथे खरी परीक्षा होते.

मुलांबाबत कायदा अधिक कठोर आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते आणि मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर देखरेख ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती देणे यांस, शासनाने दिलेल्या सवलती वगळता, कलम ९ अन्वये मनाई आहे. परंतु पडद्यासमोर मूल बसले आहे की प्रौढ व्यक्ती, हे केवळ ठशावरून निश्चितपणे कळत नाही. ते ओळखण्यासाठी कॅमेरा वा खाते सक्तीचे केले, तर आणखी माहिती गोळा होते. हा पेच कायद्याच्या शब्दांनी पूर्णपणे सुटणारा नाही. म्हणूनच माहिती बाहेर पडण्याच्या वाटेवर, म्हणजे इंटरनेट जोडणीवर, घरातच मर्यादा घालण्याच्या उपायाला महत्त्व येते.

जोडणीवर मर्यादा घालण्याच्या पायऱ्या

१. जोडणी न देणे. केबल, डीटीएच किंवा डीडी फ्री डिश यांवरील वाहिन्या पाहण्यासाठी संचाला इंटरनेटची गरज नसते. प्रारंभीच्या मांडणीत वाय-फायचा टप्पा बहुतेक संचांत वगळता येतो. ठसा तयार झाला तरी तो बाहेर जाण्यास मार्गच उरत नाही. शैक्षणिक उपयोगासाठीही हा पर्याय अगदीच कोरडा नाही. ‘स्वयंप्रभा’ आणि ‘पीएम ई-विद्या’ यांच्या वाहिन्या डीटीएचद्वारे उपलब्ध करण्यात आल्या आहेत.

२. वेगळे उपकरण वापरणे. ओटीटी कार्यक्रम पाहायचे असल्यास टीव्हीला इंटरनेट न देता लॅपटॉप किंवा स्ट्रीमिंग उपकरण एचडीएमआयद्वारे जोडता येते. स्ट्रीमिंग उपकरणही स्वतःची माहिती गोळा करते, हे ध्यानात ठेवावे. मात्र ते काम संपल्यावर काढून ठेवता येते आणि केबलवरील पाहणीची नोंद त्याच्याकडे जात नाही. टीव्ही स्वतःही इंटरनेटला जोडलेला असेल, तर या उपायाचा लाभ मिळत नाही.

३. सेटिंग्ज बदलणे. टीव्हीला जोडणी द्यावीच लागत असेल तर एसीआरची सोय बंद करावी. कंपनीगणिक तिचे नाव वेगळे असते. सॅमसंगच्या संचांत ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीच्या संचांत ‘लाइव्ह प्लस’, तर सोनीच्या काही संचांत ‘सांबा’ या नावाने ती आढळते. जाहिरातींचे वैयक्तिकीकरण आणि आवाज ओळखण्याची सोयही बंद करता येते. सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यानंतर या निवडी पुन्हा तपासाव्यात.

४. गेस्ट नेटवर्क. अनेक घरगुती राउटरवर मुख्य वाय-फायखेरीज पाहुण्यांसाठी वेगळे जाळे सुरू करता येते. टीव्ही या जाळ्यावर ठेवला, तर घरातील संगणक, मोबाइल आणि साठवणयंत्र यांच्यापर्यंत तो सहसा पोहोचू शकत नाही. हा उपाय घरातील अन्य उपकरणांचे रक्षण करतो. टीव्हीची स्वतःची माहिती बाहेर जाणे मात्र त्याने थांबत नाही. हा फरक विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा.

५. राउटरवरील नियंत्रण. पालक नियंत्रणाच्या सोयीतून एखाद्या उपकरणाचे इंटरनेट पूर्णपणे किंवा ठरावीक वेळी बंद करता येते. माहिती गोळा करणाऱ्या सर्व्हरची नावे राउटरच्या पातळीवर रोखण्याचीही पद्धत आहे. परंतु ती नावे बदलतात, काही उपकरणे स्वतःची नावनिर्देशिका वापरतात आणि चुकीचे नाव रोखल्यास अद्ययावत सॉफ्टवेअर मिळणेही थांबू शकते. म्हणून हा उपाय जाणकारांनी करावा.

६. ध्वनिग्राहक आणि कॅमेरा. यांना भौतिक कळ असल्यास ती बंद ठेवावी. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या पोर्टलंड कार्यालयाने ग्राहकांना, टीव्हीचा कॅमेरा बंद करता येत नसेल तर त्यावर काळी चिकटपट्टी लावण्याचा साधा सल्ला दिला होता.

सुरक्षेची बाजू आणि आक्षेप

खासगीपणा आणि सुरक्षा या परस्परसंबंधित पण भिन्न कल्पना आहेत. पहिलीत प्रश्न असतो तो कंपनीने माहिती घ्यावी काय, हा. दुसरीत प्रश्न असतो तो तिऱ्हाइताने यंत्र ताब्यात घ्यावे काय, हा. जून २०२५ मध्ये एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या जाळ्याविषयी इशारा दिला. टीव्हीला जोडण्याची स्वस्त अँड्रॉइड उपकरणे विक्रीपूर्वीच किंवा मांडणीच्या वेळी बाधित होऊन गुन्हेगारांच्या कामी लागत असल्याचे त्यात म्हटले होते. अप्रमाणित पेटी घरच्या वाय-फायला जोडण्यातील धोका यावरून स्पष्ट होतो. आपल्याकडे दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये घरगुती जोडलेल्या उपकरणांच्या सुरक्षेसाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली. सर्व उपकरणांना एकच परवलीचा शब्द नसावा, हे तिचे पहिले सूत्र आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असे समान परवलीचे शब्द कायद्यानेच निषिद्ध झाले आणि सुरक्षाविषयक सुधारणा किती काळ मिळतील हे सांगणे उत्पादकांवर बंधनकारक झाले.

जोडणी मर्यादित करण्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की इंटरनेट बंद केल्यास सुरक्षाविषयक सुधारणाही थांबतात. हा आक्षेप अंशतः खरा आहे. जो संच अधूनमधून जोडायचा आहे, तो अद्ययावत ठेवलाच पाहिजे. कायमचा विलग असलेल्या संचाला दूरस्थ हल्ल्याचा धोका पुष्कळच कमी असतो आणि अनेक संचांना पेन ड्राइव्हद्वारे अद्ययावत करता येते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राउटरची मांडणी समजणारे कुटुंब स्वतःचे रक्षण करील. ज्यांना ते जमत नाही त्यांचे काय? ज्या घरात इंग्रजी सेटिंग्ज वाचणारे कोणी नाही, त्या घरावर हा भार टाकणे न्याय्य ठरत नाही. यावरचे उत्तर मूळ सेटिंगमध्ये आहे. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण नियमावलीतील अनुच्छेद २५ नुसार, ग्राहकाने काहीही न करता केवळ आवश्यक तेवढ्याच माहितीवर प्रक्रिया व्हावी, अशी रचना उपकरणातच असावी लागते. भारतीय अधिनियमातील स्पष्ट कृतीच्या अटीचा रोखही याच दिशेने आहे. आधीच खूण केलेली चौकट ही ग्राहकाची कृती मानता येणार नाही.

समारोप

न्यायालयाने राज्यसंस्थेसाठी सांगितलेली कसोटी घरातही वापरता येते. या जोडणीचा हेतू कोणता, तो साधण्यासाठी ती किती वेळ आणि कोणत्या उपकरणाला आवश्यक आहे, आणि मिळणारी सोय जाणाऱ्या माहितीच्या प्रमाणात आहे काय, हे तीन प्रश्न कुटुंबाने संच बसवतानाच विचारावेत. फक्त केबल पाहणाऱ्या घराला पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीही नाही’ असे मिळेल आणि वाय-फायचा परवलीचा शब्द देण्याची गरजच उरणार नाही. कायदा, उत्पादकाची रचना आणि नागरिकाची दक्षता ही संरक्षणाची तीन अंगे होत. पहिली दोन पूर्ण बळाने कार्यरत होईपर्यंत तिसऱ्याला पर्याय नाही आणि ती कार्यरत झाल्यावरही तिसरे अनावश्यक ठरणार नाही. कारण दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क बजावायचा तर आपण ती कशासाठी दिली होती, हे आधी ठाऊक असावे लागते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. प्रेक्षकमापन आणि आशयाची स्वयंचलित ओळख यांतील फरक खासगीपणाच्या हक्काच्या संदर्भात स्पष्ट करा.

२. खरक सिंग ते पुट्टास्वामी या प्रवासात खासगीपणाविषयीची न्यायालयाची भूमिका कशी विकसित झाली?

३. कुटुंबाच्या सामाईक उपकरणांबाबत वैयक्तिक संमतीचे तत्त्व कितपत पुरेसे आहे? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या आधारे चर्चा करा.

४. ‘माहिती संरक्षणाचा भार ग्राहकावर नव्हे, उपकरणाच्या मूळ रचनेवर असावा.’ या विधानाचे परीक्षण करा.